लाल्या का निळ्या?

त्या माणसाला गरम पोहे खाताना मी कधीच पाहिलं नाही.

लाखनीच्या बसस्टँडजवळ पोह्यांच्या दोन गाड्या लागतात. तो रोज सकाळी दोन्हीकडून एकेक प्लेट मागवायचा, दोन्हींवर सारखीच तर्री घालायला लावायचा आणि प्लेटा ऑफिसच्या टेबलावर शेजारीशेजारी मांडायचा. मग एक चमचा इकडचा, एक चमचा तिकडचा. मध्ये पाण्याचा घोट, कारण आधीची चव जिभेवर राहिली तर दुसरीवर अन्याय होतो. निकाल लागेपर्यंत पोहे गार. आणि निकाल तरी काय? "आज दोन्ही सारखेच वाटून राहिले. उद्या पाहू." हे 'उद्या पाहू' मी नोकरीला लागल्यापासून नोकरीवरून काढेपर्यंत ऐकलं.

ऑफिसात मी त्याला साहेब म्हणत होते, अहोजाहो करत होते. इथे 'तो' म्हणणार आहे. नाव मात्र लिहिणार नाही. नाव लिहिलं की आपल्याकडची माणसं नावावरून भांडत बसतात, त्याची जात काढतात, गाव काढतात, आणि त्यानं काय केलं ते बाजूला राहतं.

त्यानं काय केलं? काहीच केलं नाही. तोच माझा आरोप आहे.

आमच्या भागातल्या धानवाल्यांचा एक सहकारी संघ आहे. हमीभावानं धान विकायचा तर संघाकडे नाव नोंदवायचं, सातबारा द्यायचा, अंगठा द्यायचा आणि टोकन घ्यायचं. टोकनवर तारीख असते, की अमुक दिवशी अमुक केंद्रावर धान आणा. हे टोकन मशीन काढतं, आणि मशीनला पाहुणा, पुढारी, जातभाई असलं काही कळत नाही. ज्याचं नाव आधी, त्याचं टोकन आधी. मशीन बसलं, म्हणजे बंद पडलं, की मात्र टोकनऐवजी अध्यक्षांच्या केबिनमधून हातानं लिहिलेली चिठ्ठी निघते. अध्यक्षांना पाहुणा कळतो. सगळं भांडण एवढंच आहे. पुढे कोअर, वॉट, परवाना असे शब्द येतील, तेव्हा वाचणाऱ्यानं घाबरू नये. मध्ये मध्ये ती चिठ्ठी आठवावी.

मशीन म्हणजे संघाचा सर्व्हर. तो इतका जुना होता की आम्ही ऑपरेटर पोरी त्याला डोकरा म्हणायचो. एरवी कण्हत-कुंथत चालायचा, पण हंगामात सगळ्या केंद्रांवरून एकदम नोंदणी सुरू झाली की डोकरा मान टाकायचा. ऑफिसात कूलर एकच, तोही डोकऱ्यासमोर. एकदा मी त्याचं तोंड जरासं आमच्याकडे वळवलं, तर तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"ताई, कूलर कोणं फिरवला?"

"मी फिरवला, साहेब. गरम होऊन राहिलं."

"तू गरम झाली त बंद पडत नाहीस. तो पडते."

मी कूलर परत डोकऱ्याकडे वळवला. बोलले असते तर ते त्याला पटलं असतं, आणि त्यानं माझी आणि डोकऱ्याची तुलना सुरू केली असती.

नवीन सर्व्हर घ्यायचा ठराव मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी पास झाला होता. पैसे बाजूला काढलेले होते. कोणता घ्यायचा, एवढं फक्त संगणक विभागप्रमुखानं सांगायचं होतं. संगणक विभागप्रमुख म्हणजे तो. ठरावात कुण्या उत्साही संचालकानं 'बाजारातील सर्वोत्तम' असे शब्द घातले होते, आणि ते शब्द त्याच्या अंगात शिरले. सर्व्हरचा जीव प्रोसेसरमध्ये. वरच्या दर्जाचे प्रोसेसर त्याच्या मते जगात दोनच, एका कंपनीचा लाल रंग, दुसरीचा निळा. कंपन्यांची नावं तो तोंडातून काढायचा नाही. नाव घेतलं की मन कलतं, म्हणायचा. म्हणून लाल्या आणि निळ्या, आमच्याकडे पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांची नावं असतात तशी.

त्याच्या खुर्चीमागे धानाचे भाव लिहायचा जुना पत्र्याचा फळा होता. त्याच्या मधोमध त्यानं उभी रेघ मारली होती. डावीकडे लाल्या, उजवीकडे निळ्या. लाल्याकडे कोअर, म्हणजे काम करणारे हात, गंज, म्हणजे भरपूर. निळ्याकडे कमी, पण एकेक हात चपळ. लाल्या वीज कमी खातो, वॉटमागे काम जास्त देतो. निळ्या जुन्या सॉफ्टवेअरशी जमवून घेतो. विकत घ्यायला लाल्या महाग, पण एक लाल्या दीड निळ्यांचं काम उरकतो म्हणून स्वस्त. पण थांबा, सॉफ्टवेअरवाले परवान्याचे पैसे कोअर मोजून घेतात, म्हणून पुन्हा महाग. पण थांबा, विजेचं बिल पाच वर्षांचं धरलं तर पुन्हा स्वस्त. त्याच्या बोलण्यात 'पण थांबा' इतक्या वेळा यायचं की आम्ही पोरी त्याच्या मागे त्याला पणथांबा साहेबच म्हणायचो.

आणि निकाल लागेल लागेल असं वाटलं की दोघांपैकी एका कंपनीची नवी पिढी बाजारात यायची. प्रोसेसरची पिढी. मग त्याचा चेहरा खुलायचा, लग्नघरात वाजंत्री आल्यासारखा. तो चपराशाला पांढरा रंग आणायला पाठवायचा, फळ्याची तेवढी बाजू स्वतः रंगवायचा आणि वाळली की नव्यानं आकडे लिहायचा. एका बाजूचा लिहून होतो तोवर दुसऱ्या बाजूची पिढी. त्या फळ्यावर रंगाचे इतके थर चढले होते की कडेला नख लावलं तर पापुद्रा निघायचा. "घाई कायले?" तो म्हणायचा. "पुढची पिढी येऊन राहिली."

असं वाटू नये की हे वेड फक्त सर्व्हरपुरतं होतं. मी त्याला आठवडेच्या आठवडे डाव्या पायात एका कंपनीची आणि उजव्या पायात दुसऱ्या कंपनीची चप्पल घालून फिरताना पाहिलंय. कुणी हसलं तर थांबून समजावून सांगायचा, की रस्ता एक, माणूस एक, वजन एक, आता तळवा कोणाचा आधी झिजते ते कळन. दोन्ही तळवे झिजले, अंगठे तुटले, आणि तो पुन्हा नव्या दोन चपला घेऊन आला. त्याची बायको एकदा डबा द्यायला ऑफिसात आली होती. तिला मी विचारलं, "काकू, घरी बी असंच?" ती म्हणाली, "साडी घ्याले मी ह्यायले नेतच नाही, पोरी. दुकान बंद होते."

एक गोष्ट त्याच्या बाजूनं लिहिलीच पाहिजे, कारण मी पत्रकं लिहिते, खोटं लिहीत नाही. तो लाच खायचा नाही. विक्रेत्यांनी दिवाळीला पाठवलेले मिठाईचे डबे तो न उघडता परत करायचा. दोन्ही विक्रेत्यांनी सोबतच पाठवले तरीही, म्हणजे तुलनेचा मोह होण्यासारखी परिस्थिती असतानाही. संघात सगळे सांगायचे, "साहेब एकदम स्वच्छ माणूस." मला तेव्हा ते कौतुक वाटायचं. आता वाटतं, त्यानं लाच खाल्ली असती तर बरं झालं असतं. एक मशीन तरी आलं असतं.

दर महिन्याला संचालक मंडळासमोर तो अहवाल ठेवायचा. चहा-नाश्ता झाला की अध्यक्ष पोट सावरून बसायचे आणि म्हणायचे, "हं साहेब. लाल्या का निळ्या?" मी कागद वाटायला उभी असायचे, म्हणून ऐकायला मिळालं. संचालक सगळे धानवाले, त्यांना कळावं म्हणून तो रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, उदाहरण द्यायचा.

"समजा बांधीत रोवणा लावला. लाल्या म्हणजे बायांची मोठी टोळी. निळ्या म्हणजे लहान टोळी, पण हात मशीनसारखा. आता सांगा, कोणती टोळी लावान?"

"जे भेटन ते लावू," एक म्हातारे संचालक म्हणाले. "रोवणा थांबते का?"

तो दुखावला गेला. "तसं नाही ना, काका. बांधी केवढी, चिखल केवढा, मजुरी केवढी, हे सारं पाहा लागते."

"मंग पाहा ना, साहेब," अध्यक्ष प्रेमानं म्हणाले. "बराबर पाहा. घाई करू नका."

त्या प्रेमात काय होतं ते समजायला मला एक हंगाम लागला. डोकरा बसला, की चिठ्ठ्या. चिठ्ठ्या निघाल्या, की अध्यक्षांच्या केबिनबाहेर दरबार. ज्या संघाला टोकन नको असतं, त्याला चोर माणूस परवडत नाही; चोर पकडला जातो. त्याला असाच माणूस लागतो, जो प्रामाणिकपणे, मनापासून, दिवसरात्र राबून, काहीच होऊ देत नाही. अध्यक्षांनी हा माणूस शोधला नव्हता, त्यांना तो आयता सापडला होता. तळहाताच्या फोडासारखा जपला त्यांनी त्याला.

त्याच बैठकीत अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "अन् तू कोणाच्या बाजूनं, बाई? तू त निळ्याचीच असशील. तुमचा रंगच तो."

सगळे हसले. आमच्या वस्तीत निळा झेंडा आहे, तो माझ्या आजोबांनी लावलाय, आणि त्यावर कुणी हसावं म्हणून लावलेला नाही. मी म्हटलं, "अध्यक्षसाहेब, मी टोकनच्या बाजूनं आहो."

हसणं थांबलं. तेवढ्यात हा मध्ये बोलला, एकदम गंभीर चेहऱ्यानं. "रंगाचा अन् कामगिरीचा काही संबंध नसते, साहेब. तसं धरलं त तुलना खराब होते."

तो माझी बाजू घेत होता की प्रोसेसरची, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक प्रोसेसरचीच.

आता पटाची गोष्ट.

शंकरपट आमच्याकडचा जीव की प्राण. दोन सरळ धावपट्ट्या, त्यांना दाण म्हणतात. बैलांच्या दोन जोड्या सुटतात, घड्याळ लावलेलं असतं, आणि सेकंदाच्या तुकड्यावर गावंच्या गावं भांडतात. मला नोकरीवरून काढलं त्या वर्षी दसरा झाला, हलका धान कापायला आला, टोकनची नोंदणी तोंडावर आली. मी आणि माझ्यासोबतच्या दोघीतिघींनी पत्रक काढलं होतं, 'यंदा चिठ्ठी चालणार नाही'. गावोगाव वाटलं. लोक संघात येऊन विचारायला लागले. तेव्हा यानं जाहीर केलं की आता कागदावरची तुलना बस झाली. लाल्या आणि निळ्या समोरासमोर पळतील. रिकाम्या गोदामात. सगळ्यांसमोर. जो जिंकेल तो घेऊ.

मला खरंच वाटलं की झालं. मी आईला सांगितलं, बेबीमावशीला सांगितलं. बेबीमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, लाखनीजवळच्याच खेड्यात राहते, तिच्या धानाच्या बांध्या ती एकटी करते. मागच्या हंगामात अध्यक्षांच्या केबिनबाहेर चिठ्ठीसाठी इतकं उभं राहून तिला चिठ्ठी मिळालीच नव्हती. ती म्हणाली, "मी येतो पाहाले. आपलं टोकन कोणता बैल ओढते ते त पाहू."

नागपूरहून दोन विक्रेते दोन गाड्यांत दोन मशिनी घेऊन आले. गोदामात माणूस मावत नव्हता. एकानं गुलाल आणला होता. कुणी नारळ आणले होते. भज्यांच्या पैजा लागल्या होत्या. यानं जमिनीवर चुन्यानं दोन समांतर पट्टे आखले होते, खरंच, दोन दाण, आणि त्यांच्या टोकाला दोन टेबलं, दोन मशिनी, दोन मोठे पडदे. हातात पांढरी झेंडी. अंगात नवा शर्ट. पायात दोन वेगळ्या चपला.

काम ठरलं होतं असं, की मागच्या हंगामाची सगळी नोंदणी घ्यायची आणि तिची सगळी टोकनं पहिल्यापासून पुन्हा काढायची. झेंडी पडली. दोन्ही मशिनींचे पंखे असे घुमले की धान चुरायचं, मळणीचं यंत्र सुरू झालं असं वाटलं.

"आवाज त निळ्याचा दमदार आहे," मागून एक जण म्हणाला.

"आवाजानं का होते बे? लाल्या पाहा, गप आहे पण दाबून चालून राहिला."

"चाल बे लाल्या!"

"हाण निळ्या, हाण!"

पडद्यांवर दोन पट्ट्या सरकत होत्या. इंचभर लाल, इंचभर निळी. पुन्हा इंचभर लाल, इंचभर निळी. लोक ओरडून ओरडून दमले, खाली बसले, तंबाखू मळायला लागले. पट्ट्या सरकतच होत्या, एकीच्या बरोबरीनं दुसरी, गाईमागे वासरू चालावं इतक्या सावकाश. आमच्या डोकऱ्याच्या चालीनं. आणि दोन्ही एकदमच टोकाला पोचल्या. गुलालवाला मुठीत गुलाल घेऊन एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिला.

आणि हा आनंदानं हसायला लागला.

"बरोबरच आहे! बरोबरीच होणार! दोघंही डोकऱ्याची वाट पाहून राहिले होते ना!"

मी जवळ गेले. "म्हणजे?"

त्यानं टेबलाखालची वायर दाखवली. दोन्ही मशिनींत मागच्या हंगामाची माहिती भरून घ्यायची, हे साधं काम त्यानं केलंच नव्हतं. दोघांनाही माहिती डोकऱ्यातून, एकाच वायरीतून, घोट घोट पाजली होती. का? कारण पटाचा नियम. "दोघायले चारा एकाच गव्हाणीतला पाहिजे, ताई. वेगवेगळा चारा दिला त लोक म्हणतीन अन्याय झाला." जगातले दोन सर्वांत तगडे बैल त्यानं आमच्या डोकऱ्याच्या मागे बांधून पळवले होते.

आणि हे त्याला आधीपासून माहीत होतं! लोकांनी त्याला मूर्ख म्हटलं, ते चूक आहे. तो मूर्ख नव्हता. मूर्ख माणसानं यातला कुठलाही एक उचलला असता.

"मंग जिंकलं कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"आजची तुलना बाद. पुन्हा घ्या लागन. पुढची पिढी आल्यावर."

मी टेबलावर उभी राहिले. ठरवलं नव्हतं, पाय चढले. म्हटलं, "साहेब, दोन्ही मशिनी इथं आहेत. दोन्ही चालू आहेत. आपल्या कामाले दोन्ही गंज होतात. यातली एक ठेवा. कोणतीबी. या हंगामाचे टोकन तिच्यावर काढा."

लोक उठून उभे राहिले. विक्रेत्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही एकदम म्हणाले, आमची ठेवा, हंगाम होईपर्यंत अशीच ठेवा, पसंत पडली तरच घ्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण ते मुरलेले. म्हणाले, "साहेब सांगतीन तसं. तज्ज्ञ ते आहेत."

सगळं गोदाम त्याच्याकडे पाहत होतं. बेबीमावशी पुढे सरकून अगदी चुन्याच्या पट्ट्यावर उभी होती. त्याचा हात उठला. मी शपथेवर सांगते, हात लाल्याकडे गेला. बोटं पत्र्याला लागली. मग थांबली. मग तो हात निळ्याकडे गेला. त्यालाही लागला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्या क्षणी मला त्याची दया आली असती, जर मावशी तिथं उभी नसती. मग त्यानं हात मागे घेऊन शर्टाला पुसला.

"एक ठेवली," तो हळूच म्हणाला, "त दुसरीवर अन्याय होईन."

"बराबर आहे," अध्यक्ष लगेच म्हणाले. "अन्याय नको."

गाड्या मशिनी घेऊन नागपूरला गेल्या. लोक पैजेची भजी खाऊन घरी गेले. बरोबरी झाली म्हणून भजी अर्धी अर्धी वाटली.

हंगाम सुरू झाला आणि डोकरा बसला. कूलर होता, तरी बसला. केबिनबाहेर दरबार भरला. ट्रॅक्टर हायवेच्या कडेनं लागले, आणि कुणाचे आत जायचे, कुणाचे उभे राहायचे ते मी रोज खिडकीतून पाहत होते. मावशीचा धान चुरून खळ्यात ताडपत्रीखाली पडला होता. ती रोज यायची, रोज उभी राहायची. "तुझं नाव आहे ना, होईन," केबिनमधून निरोप यायचा. नाव होतं. नाव पहिल्याच दिवशी होतं. चिठ्ठीला नाव लागत नाही, ओळख लागते.

मग अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्रीखाली पाणी शिरलं.

मावशी आली ती थेट आमच्या खोलीत. केबिनकडे तिनं पाहिलंही नाही. तो नेमका पोहे मांडून बसला होता. तिनं पदराची गाठ सोडली, दोन्ही प्लेटांच्या मधल्या जागेत धानाचे दोन दाणे ठेवले. दोन्हींना पांढरे कोंब आलेले.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी तुलना करता ना? हे दोन दाणे पाहा. अन् सांगा, यातला चांगला कोणता."

खोलीत आम्ही सगळ्या पोरी टायपिंग थांबवून बसलो. मला वाटलं, आता हा मान खाली घालेल. काहीतरी फुटेल याच्यात. माफी राहू दे, निदान घसा तरी खाकरेल.

त्यानं चष्मा नाकावर सारला. एक दाणा उचलला, उजेडात धरला. मग दुसरा उचलला. खरंच पाहिले त्यानं, मन लावून, आलटून पालटून.

"याचा कोंब जरासा लांब आहे," तो म्हणाला. "पण थांबा..."

मावशी थांबली नाही. भिजलेला सगळा धान तिनं लाखनीच्या व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावानं टाकला. त्या वर्षीचं पीक तेवढंच होतं तिचं.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'लाल्या निळ्या पळाले, धान आमचा कुजला'. त्यात अध्यक्षांच्या चिठ्ठ्या होत्या, फळा होता, गोदाम होतं, दोन दाणे होते. पत्रक आठवडी बाजारात वाटलं आणि मला नोकरीवरून काढलं. काढल्याचं दुःख नाही. पण ऑफिसातलं सामान घ्यायला गेले तर हा माझी वाट पाहत होता. हातात माझंच पत्रक, त्यावर लाल पेन आणि निळं पेन दोन्हींनी खुणा केलेल्या.

"चांगलं लिहिलंस," तो म्हणाला. "भाषा जोरदार आहे. पण निळ्याचे वॉट चुकले. अन् तू लिहिलंस तसा लाल्या महाग नाही, परवाने धरले तरच महाग. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करजो."

संपूर्ण पत्रकात त्याच्यावर मी जे आरोप केले होते, त्या ओळींखाली एकही खूण नव्हती. त्याला त्या ओळींत चूक सापडली नव्हती.

आम्ही मोर्चा काढला, एक नाही, बरेच काढले. संघाची निवडणूक झाली, जुनं मंडळ पडलं. नवीन मंडळ काही फार पुण्यवान आहे असं नाही, त्यांचंही पत्रक माझ्याकडे तयार होऊन राहिलंय. पण लोकांच्या धाकानं त्यांनी पहिल्याच बैठकीत सर्व्हर घेतला. तोवर हा निवृत्त झाला होता. त्याच्यामागून आलेल्या माणसानं दोन्ही विक्रेत्यांना फोन लावला, ज्यानं आधी उचलला त्याचा घेतला. एवढीच तुलना. डोकरा भंगारात गेला, कूलर पोरींकडे वळला, आणि या हंगामात बेबीमावशीला टोकन मिळालं. मशीननं काढलेलं. तारखेला ती गेली, धान मोजून दिला, घरी आली. मला फोनवर म्हणाली, "काहीच नाही झालं व. गेलो अन् आलो." काहीच झालं नाही, यासाठी आम्ही किती घसे कोरडे केले!

परवा लाखनीच्या बसस्टँडवर तो दिसला. निवृत्त माणसाला टेबल नसतं, म्हणून दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभा होता, एका हातात एक प्लेट, दुसऱ्या हातात दुसरी. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे खाता येत नव्हतं. तर्रीतून वाफा निघत होत्या. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ताई! बरी भेटली. मले कोणी सांगूनच नाही राहिलं. संघानं घेतला म्हणते ना?"

"हाव, घेतला."

"कोणता?"

मी त्याच्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते. पायात चपला वेगवेगळ्याच. आणि डोळ्यांत आस, मावशीनं चिठ्ठीसाठी केबिनच्या दाराकडे पाहावं तशी.

"एक घेतला, साहेब."

"पण कोणता? लाल्या का निळ्या?"

"टोकन निघते," मी म्हटलं. "मावशीलेबी भेटलं."

"ते बरं झालं. पण पोरी, सांग ना. लाल्या..."

मला माहीत होतं. त्या मशीनवर कंपनीचं नाव लिहिलेलं आहे, मी स्वतः वाचलंय. त्याला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाही.

त्याच्या हातातली एक प्लेट मी उचलली. कोणत्या हातातली, ते पाहिलं नाही. तिथेच उभं राहून खाल्ली. पोहे गरम होते.